भोंगा झाला

सातपूरची रात्रशाळा, दहावी ब.
बाकाखाली माझा गुडघा मावत नाही.
खैरनार बाई फळ्यावर लिहितात : उपमेय. उपमान.
खडू मोडतो. उरलेला तुकडा त्या पर्समध्ये टाकतात.

ज्याची तुलना करायची ते उपमेय,
ज्याच्याशी करायची ते उपमान.
भोये मामा उतरवून घेतात, एकेक काना ठोकून बसवत.
एटीएमवर वॉचमन आहेत, अकराला ड्यूटी.

मला मात्र लगेच कळलं.
उपमेय म्हणजे जॉब.
उपमान म्हणजे मास्टर पीस, काचेच्या कपाटातला,
ज्याला तेलकट हात लावायचा नाही.
आणि सारखा, जणू, परी, गत
ही झाली गेजं.
बसलं तर ओके, नाही तर लाल डब्यात.
मी हे मोठ्यानं बोलून गेले.
वर्ग हसला. बाई म्हणाल्या,
थांब, हे मला लिहून घेऊ दे.

तेरा वर्षं स्विचचे स्क्रू आवळतेय.
माझं बोलणं कुणी लिहून घेतल्याचं आठवत नाही,
एक मेमो सोडला तर.

रूपकाला बाईंनी नदीच घेतली.
आपण म्हणतो, गंगेवर जाऊन येते,
आणि जातो रामकुंडावर.
इतक्या पिढ्या हिला दुसरीच्या नावानं हाक मारली
की रूपकसुद्धा मागं पडलं,
उपमेय पुसलं, उपमान तेवढं राहिलं.
सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं,
कारण हजेरीत मी गोदावरी रामभाऊ गांगुर्डे.
नफीसा म्हणाली, मग हिला काय म्हणायचं?
श्लेष, म्हणाल्या बाई. एका शब्दाची दोन घरं.

अतिशयोक्तीला मी हात वर केला :
दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला पाणी लागलं.
बाई म्हणाल्या, गोदा,
ही अतिशयोक्ती नाही, ही बातमी आहे.

मग शब्दशक्ती. अभिधा सोपी गेली.
लक्षणेला वर्ग अडखळला.
सरळ अर्थ जुळत नसेल तर शेजारचा घ्यायचा.
द्या उदाहरण.
सुपरवायझर विचारतो, लाईन तीन जेवायला गेली का?
लाईनला तोंड नसतं, पोट नसतं.
म्हणजे आम्ही. अकरा बाया.
बरोबर, म्हणाल्या बाई, पण जरा थांबून.
मी वहीच्या समासात नावं लिहीत गेले,
अनसूया, मुक्ता, थोरली चंद्रभागा, धाकटी चंद्रभागा,
जागा संपली तेव्हा सात झाली होती.
समास म्हणजे इथं वहीचा.
दुसरा समास पुढच्या धड्यात आहे.

व्यंजनेला वेळ थोडा उरला.
बाईंनी एकच वाक्य लिहिलं : भोंगा झाला.
ऐकणारा बदलला की अर्थ बदलतो, सांगा.
पहिल्या पाळीला, सुटलो.
दुसरीला, बिडी विझव.
गेटवरच्या वडापाववाल्याला, तेल तापव.
नफीसाच्या सासूला, सून अजून कशी आली नाही.
मला, कणीक, धुणं, अर्धा तास पाठ टेकणं,
साडेसहाला शाळा.
वर्गात नुसता कालवा, जो तो आपला भोंगा सांगतोय.

मागच्या बाकावरून पगारे बोलला,
जूनपासून पहिल्यांदा.
आणि कंपनी बंद पडली त्याला?
अंबडला आमची होती, तिचा भोंगासुद्धा
भंगारात काढून नेला, पत्र्यासकट.
साडेतीनला कान अजून टवकारतो.

बाईंनी फळ्यावर काही लिहिलं नाही.
डस्टर उचललं, परत ठेवलं.
परीक्षेत हे दोन मार्कांना येतं, म्हणाल्या,
आणि आवाज मध्येच कुठेतरी ठेवून दिला.

साडेनऊची घंटा झाली.
भोये मामांनी डबा पिशवीत टाकला,
चपला पायात सारल्या,
आणि दारापाशी तसेच उभे राहिले.